बाळाचा तोल: आतला कान, डोळे, पाय आणि वाढता मेंदू

कुळागर

मूल ऐकतं का, हे आता बरेच पालक तपासून घेतात. बाळंतपणानंतर इस्पितळातच यंत्र लावतात, नाही तर घरी कुणीतरी पाठीमागे टाळी वाजवून बघतं. पण त्याच कानात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तोलाचं वेगळं इंद्रिय असतं. ते नीट चालतं का, असं विचारणारे पालक मला फार क्वचित भेटतात. मी फोंड्याला लहान मुलांची फिजिओथेरपी करते. 'मान उशिरा धरली', 'दीड वर्ष उलटलं तरी चालत नाही', 'सारखा पडतो' अशा तक्रारी घेऊन लोक येतात. तोवर पाय बघून झालेले असतात, पाठ बघून झालेली असते, कॅल्शियमची बाटली सुरू असते. आतल्या कानाकडे कुणी वळलेलं नसतं. हे मला फार लागतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी यंत्रणा सांगते. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात, आणि त्यांत द्रव भरलेला असतो. पाण्याने भरलेली कळशी गर्रकन फिरवली तर कळशी फिरते आणि पाणी क्षणभर मागे राहतं. नलिकेतही तसंच घडतं. डोकं वळतं, द्रव मागे राहतो, आणि त्याच्या दाबाने नलिकेच्या फुगीर टोकातला लवचीक पडदा वाकतो. त्या पडद्यात केशपेशींचे केस रुतलेले असतात. केस एका बाजूला वाकले की मज्जातंतूतले संदेश वाढतात, दुसऱ्या बाजूला वाकले की कमी होतात. डोकं कुठे आणि किती जोरात वळलं, हे मेंदूला यातून समजतं.

नलिकांच्या शेजारी दोन पिशव्या असतात, युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांच्या केशपेशींवर कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म खड्यांचा थर असतो. डोकं कललं, गाडीने ब्रेक मारला, लिफ्ट वर निघाली की हे खडे किंचित सरकतात. जमीन कुठल्या दिशेला आहे हे सांगण्याचं काम या पिशव्यांचं.

हे सगळं तयार कधी होतं? गर्भाच्या चौथ्या आठवड्यात कानाची इवलीशी पुटकुळी दिसते. दहाव्या आठवड्यापर्यंत तिन्ही नलिकांना आकार आलेला असतो. गरोदरपण निम्मं सरतं तेव्हा त्या मोठ्या माणसाच्या मापाच्या झालेल्या असतात. जन्मल्यावर डोकं वाढतं, हातपाय वाढतात, नलिका मात्र तेवढ्याच राहतात. तोलाच्या मज्जातंतूवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने जाऊ देणारं, आवरण पाचव्या महिन्याच्या सुमाराला चढायला लागतं. फार थोड्या तंतूंचा नंबर त्याच्या आधी लागतो.

पोटातलं बाळ पाण्यात तरंगतं, मग त्याला वर-खाली कसं कळणार, असं मला पूर्वी विद्यार्थी विचारायचे. बाळ तरंगतं हे खरं. पण त्याच्या कानातले खडे सभोवतालच्या द्रवापेक्षा जड असतात, त्यामुळे गुरुत्वाकर्षण त्यांना ओढतच असतं. आई फेरीबोटीत चढते, जिने उतरते, पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून स्कूटरवरून जाते. त्या प्रत्येक हालचालीने ते खडे हलतात.

म्हणजे बाळ जन्माला येतं ते हे इंद्रिय जवळजवळ पूर्ण घेऊन. पुरं झालेलं नसतं ते मेंदूतलं काम. कानाने सांगितलेलं, डोळ्यांनी दाखवलेलं आणि तळपायांना जाणवलेलं एकत्र करायला मूल दहाएक वर्षं घेतं. त्या दहा वर्षांविषयी मला बोलायचं आहे. तुमचे अनुभव आणि शंका दोन्ही लिहा.

पेडणेकर_आजोबा

छान विषय काढलात, बाय. आमच्या घरी नात आली आहे, दोन महिन्यांची. मुलगा पाळणा नको म्हणतो, सवय लागते म्हणतो. आमची सगळी पोरं पाळण्यातच मोठी झाली. रडणारं मूल झोके दिले की गप्प होतं, हे कानातल्या खड्यांमुळेच का?

कुळागर

आजोबा, बराचसा वाटा त्यांचाच. उंदरांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू झुलणाऱ्या पिंजऱ्यात उंदीर जास्त झोपले. ज्यांच्या कानातले हे खडे जन्मतःच कामाचे नव्हते, त्यांना झुलवून काही उपयोग झाला नाही. आणि २०१३ साली जपानच्या रिकेन संस्थेतल्या लोकांनी आयांना बाळ घेऊन आधी बसायला सांगितलं, मग चालायला. आई चालायला लागताच बाळाचं रडणं थांबे, हालचाल कमी होई, हृदयाचे ठोकेही संथ होत. बसलेल्या आईच्या मांडीवर ते होत नव्हतं. यात एकट्या कानाचा हात आहे असं म्हणता येणार नाही, कवेतला स्पर्शही असतोच.

पाळणा हवा तर खुशाल बांधा. झोका संथ हवा, डोकं गदगदा हलता कामा नये. रडतं म्हणून बाळाला खांदे धरून हलवणं, लाडाने वर उडवून झेलणं हे मात्र घरात कुणालाही करू देऊ नका. मान धरलेली नसते, डोकं अंगाच्या मानाने जड असतं, आणि जोराने हलवल्यास मेंदूभोवतीच्या शिरा फाटून रक्तस्राव होऊ शकतो.

जाता जाता एक पाहून ठेवा. नात जागी आणि खुशीत असताना तिला उभी धरून तुम्ही स्वतः सावकाश एका बाजूला वळा. तिचे डोळे उलट्या बाजूला सरकताना दिसतील. डोकं हललं तरी नजर जागेवर राहावी म्हणून मेंदू डोळे फिरवतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया तिला कुणी शिकवलेली नाही.

काणकोणची_फुगडी

मला फुगडीबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे चवथीला आणि धालोंच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यांच्या, दिवसांत अंगण फुगड्यांनी भरलेलं असतं. थांबल्यावर मांड, म्हणजे नाचायचं अंगण, उलट्या दिशेला फिरतोय असं का वाटतं? आणि आमच्यातल्या जुन्या बायकांना काहीच का होत नाही? मी दरवर्षी घालते तरी पहिल्या दिवशी खांबाला धरून उभी राहते.

साळावली

याचं उत्तर मी देतो, उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो. फुगडी सुरू होताना नलिकेतला द्रव मागे राहतो, हे वर आलंच आहे. एकाच वेगाने फिरत राहिलात की थोड्या सेकंदांत द्रवही तुमच्याच वेगाने फिरायला लागतो आणि पडदा सरळ होतो. मेंदू ती जाणीव आणखी काही वेळ ताणून धरतो, मग तीही विरते. मग तुम्ही अचानक थांबता. द्रव मात्र पुढे जात राहतो आणि पडदा उलट्या बाजूला वाकवतो. मेंदूला वाटतं, आपण आता उलटे फिरतो आहोत. डोळेही तसेच सरकू लागतात, आणि अंगण फिरताना दिसतं.

जुन्या बायकांचं म्हणाल तर त्यांचे कान तुमच्यासारखेच आहेत. फरक मेंदूत पडतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये बॅले नर्तकींची तुलना वल्हेकरी स्त्रियांशी केली होती, २०१३ साली ते छापून आलं. खुर्चीत बसवून अंधारात फिरवलं आणि थांबवलं, तर नर्तकींना फिरण्याचा भास कमी वेळ टिकला. त्यांच्या अनुमस्तिष्काचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा, तोलाशी संबंधित एक भागही वेगळा आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू कानाच्या त्या खोट्या बातमीला कमी किंमत द्यायला शिकतो.

फुगडीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. तुम्ही समोरचीच्या चेहऱ्याकडे बघत असता. ती तुमच्याबरोबर फिरते, म्हणून तुमच्या नजरेला तो चेहरा स्थिर असतो. भोवतालचं सगळं धूसर, चेहरा तेवढा स्पष्ट. डोकं वळलं की डोळे उलटे फिरवायचे ही जी क्रिया कुळागर यांनी सांगितली, ती त्या वेळी अनुमस्तिष्क दाबून ठेवतं. लहान मुलींना हे दाबणं अजून नीट जमत नाही. त्या इकडेतिकडे बघतात आणि हात सोडून धपकन बसतात.

काणकोणची_फुगडी

अगदी खरं! माझी आई नेहमी सांगायची, 'माझ्या तोंडाकडे बघ, खाली बघू नको.' आता कळलं.

तारवटी

मी वास्कोचा. जन्म बोटींवर गेला, आता निवृत्त. बोट लागणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. नव्या पोरांना पहिले काही दिवस अन्नावरची वासना जायची, मग अंग सरावायचं. उलट घरी आलो की पहिली रात्र खाट डुलायची. माझा प्रश्न नातवंडांविषयी आहे. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना सात वर्षांची नात दर वळणाला मळमळते म्हणते, तिचा दीड वर्षाचा भाऊ मजेत हसत असतो. लहानाला जास्त त्रास व्हायला हवा ना?

कुळागर

दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी क्वचितच लागते. त्रास वाढतो तो शाळेच्या वयात आणि पुढे मोठेपणी बहुतेकांचा कमी होतो. गाडी लागते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात म्हणून. नात मागच्या सीटवर खाली बघत बसली असेल, तर कान म्हणतात वळलो, डोळे म्हणतात जागेवरच आहोत. ही तफावत मेंदूला कळण्यासाठी आधी दोघांची सांगड बसलेली हवी. तिच्या भावाची ती अजून बसते आहे.

तिच्या हातातला मोबाइल काढून घ्या. मागच्याच सीटवर, पण पुढचा रस्ता दिसेल अशी मधे बसवा, लांब बघायला सांगा, थोडी काच उघडा.

आणि गाडी चालवणाऱ्याला का लागत नाही, यामागेही एक सुरेख शोध आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या कॅथलीन कलन यांनी माकडांच्या मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातल्या, तोलाच्या पेशींचे संदेश नोंदवले. माकडाचं डोकं दुसऱ्याने हलवलं की या पेशी जोरात प्रतिसाद देत. माकडाने तेवढंच डोकं स्वतःहून हलवलं की प्रतिसाद सुमारे ७० टक्क्यांनी घटत असे. आपण काय करणार आहोत हे मेंदूला आधीच ठाऊक असतं आणि तो ते वजा करतो. उरते ती अनपेक्षित हालचाल, आणि पडताना सावरायला नेमकी तीच लागते. स्वतःच्या हालचालीचा हा अंदाज मूल स्वतः हलल्याशिवाय कसा बांधणार? उपडं पडणं, रांगणं, धरून उभं राहणं याला मी इतकं महत्त्व देते ते यासाठी.

तारवटी

देव बरें करूं. आणखी एक आठवलं. आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं की काही बहिऱ्या माणसांना समुद्र लागतच नाही. खरं का?

श्रवण_मडगाव

खरं आहे, आणि त्याचा या धाग्याशी जवळचा संबंध आहे. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करतो.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेचं नौदल आणि पुढे नासा यांनी गॅलोडेट कॉलेजमधल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर बरेच प्रयोग केले. त्यांतल्या दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता, त्यातच आतला कान गेला होता. नोव्हा स्कोशियाच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं. शास्त्रज्ञ आजारी पडले, ही मंडळी पत्ते खेळत बसली. कानाकडून बातमीच येत नाही, तर तफावत कुठून होणार?

आता याकडे आमच्या बाजूने बघा. हे लोक मोठे झाले, चालले, शिकले. लहान वयात दोन्ही कानांचा तोल गेला तरी मेंदू डोळे आणि पाय यांच्यावर काम भागवायला शिकतो. म्हणूनच अशी मुलं नजरेतून सुटतात. चार वर्षांचं मूल दवाखान्याच्या उजेडात, फरशीवर, अनवाणी चालून दाखवतं आणि सगळं ठीक वाटतं. त्याला रात्री दिवे गेल्यावर उठवा, किंवा मिरामारच्या मऊ वाळूत डोळे मिटून उभं राहायला सांगा. अंधारात डोळे निकामी, वाळूत पाय निकामी, आणि कान तर आधीच गेलेला.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांत तोलाचा दोष खूप आढळतो. शंख आणि नलिका एकाच पुटकुळीतून बनतात, त्यांत एकच द्रव असतो, केशपेशी एकाच जातीच्या. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरं असतं, नलिका काम करत नाहीत, आणि ते सहसा दीड वर्षानंतर चालतं. पुढे दहाएक वर्षांचं होईतो रातांधळेपणा सुरू होतो. उशिरा चालणं हा तिथे पहिला इशारा असतो. तो वेळीच ओळखला तर दृष्टी चांगली आहे तोवर मुलाची आणि घरच्यांची बरीच तयारी करता येते.

वाळवंटी

मी साखळीची. हे वाचून गलबलून आलं. माझ्या मुलाचं ऐकणं कमी आहे हे बेरा तपासणीत (मूल झोपलेलं असताना आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजतात ती) कळलं, यंत्र लावलं. त्याने मान साडेपाच महिन्यांनी धरली. आता दीड वर्ष होऊन गेलं, भिंतीला धरून जातो, हात सोडला की बसतो. आम्ही गेलो त्या डॉक्टरांनी दोन्हींचा संबंध नाही, मुलगे उशिराच चालतात असं सांगितलं. सासूबाई म्हणतात वॉकर आणू. काय करू?

कुळागर

ताई, आधी आकडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जिच्यात भारतातली मुलंही होती, आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने या टप्प्यात आलं. मुलगा त्याच्या थोडा पुढे गेला आहे, एवढ्यावरून घाबरू नका. पण कमी ऐकणं, उशिरा मान धरणं आणि उशिरा चालणं ही तिन्ही एकाच मुलात असतील तर तोलाची तपासणी व्हायलाच हवी. 'मुलगे उशिरा चालतात' म्हणून थांबायचं हे कारण नव्हे.

वॉकर आणू नका. सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर! चाकाच्या वॉकरमध्ये मूल कापडात लटकतं, तोल वॉकर सांभाळतो, मुलाच्या मेंदूला पडायला लागल्याची आणि सावरल्याची जाणीव मिळतच नाही. पायऱ्यांवरून गडगडण्याचा धोका तर असतोच, कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती अशा अपघातांमुळे. आपला लाकडी पांगुळगाडा चालेल. तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. गाडा हलका असेल तर खालच्या फळीवर वजन ठेवा, पुढे पळणार नाही. अनवाणी चालू दे. अंगणातली माती, गवत, ओटी, सगळीकडे. कान कमी पडत असतील तर तळपायांकडून जितकी जास्त माहिती मिळेल तितकी हवी आहे.

साळावली

कुळागर, तुमच्या एका मुद्द्यावर मला जरा थांबावंसं वाटतं. हलल्याशिवाय मेंदू शिकत नाही असं तुम्ही म्हणता. झेब्रा माशावरचं नवं काम तसं सांगत नाही. हा मासा आपल्या देशातल्या ओढ्यांचा, पिल्लं पारदर्शक, त्यामुळे जिवंत माशाच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०२५ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की नजर स्थिर ठेवणारी क्रिया जन्मांध माशातही तितकीच चांगली पक्व होते. तोलाची जाणीव काढून घेतलेल्या पिल्लांतही मेंदूतल्या पेशींची जोडणी नीट होते. सगळ्यांत उशिरा तयार होतो तो मज्जापेशी आणि डोळ्याचा स्नायू यांचा सांधा. म्हणजे पेशींच्या जोडणीचं हे मंडळ अनुभवाची वाट बघत नाही.

कुळागर

हरकत मान्य, आणि ती मांडलीत हे बरं झालं. नजरेची क्रिया उपजत आहे, म्हणून तर आजोबांची नात दोन महिन्यांची असताना डोळे फिरवून दाखवते. कानातून मस्तिष्कस्तंभात आणि तिथून डोळ्यांच्या स्नायूंत, अवघ्या तीन पेशींचा रस्ता. तो जन्मापूर्वी आखला जाणं शहाणपणाचंच.

पण उभं राहणं, पडताना वळणं ही कामं तेवढ्या छोट्या रस्त्याची नव्हेत. १९९८ साली कोलंबिया यानातून न्यूरोलॅब मोहीम सोळा दिवस अंतराळात होती, बरोबर उंदरांची पिल्लं होती. पाठीवर ठेवल्यावर पालथं होण्याची जी ढब पृथ्वीवरची पिल्लं शिकतात, ती या पिल्लांत वेगळी झाली, आणि परत आल्यावरही वेगळीच राहिली. वजनाविना वाढीचा तो काळ निघून गेला, मागाहून भरून आला नाही. याचा अर्थ मी असा घेते की नजरेचं मंडळ मेंदू आधीच जोडून ठेवतो, आणि अंगाचं मंडळ जमिनीवर आपटत, लोळत पुरं होतं.

नजरेच्या मंडळालाही पुढे डागडुजी लागते. मुलाला पहिल्यांदा चष्मा लागला की ते काही दिवस जमीन हलते म्हणतं. भिंगामुळे प्रतिमा लहान-मोठी होते, डोकं तेवढंच वळवलं तरी डोळे किती फिरवायचे याचा हिशोब बदलतो. अनुमस्तिष्क तो हिशोब नव्याने बसवतं आणि तक्रार आपोआप थांबते. अशा मुलाला 'नाटक करतो' म्हणून ओरडू नका.

साळावली

मांडणी पटली. मग त्यात एक भर घालतो. एडिंबराच्या डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी १९७४ साली एक खोली बनवली होती. फरशी स्थिर, भिंती आणि छत सरकणारे. नुकतंच उभं राहायला लागलेलं, तेरा ते सोळा महिन्यांचं मूल आत उभं केलं आणि भिंती पुढे सरकवल्या. फरशी हलली नव्हती, कान काही सांगत नव्हते, तरी मुलं डुलली, काही चक्क पडली. त्या वयात डोळ्यांचा शब्द शेवटचा. चार ते सहा वर्षांत मेंदू तिन्ही बातम्या तोलून बघायला लागतो. त्या काळात मूल मधूनच आधीपेक्षा डळमळीत दिसतं. सात ते दहाच्या दरम्यान उभं राहणं बरंचसं मोठ्या माणसासारखं होतं, आणि कानावर पुरता भरवसा ठेवणं त्याच्याही नंतर येतं.

पेडणेकर_आजोबा

म्हणजे पहिलीतलं पोर रांगेत सरळ उभं राहत नाही म्हणून मास्तर छडी उगारायचे, ते विनाकारणच.

कुळागर

अगदी विनाकारण, आजोबा.

आता एक सावधगिरीचं. हल्ली 'मेंदूचा व्यायाम' म्हणून मुलांना खुर्चीत बसवून फिरवण्याचे, झोक्यावर झुलवण्याचे महागडे वर्ग निघाले आहेत. १९७७ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा आधार दिला जातो. न चालणाऱ्या बाळांना फिरत्या खुर्चीत ठरावीक वेळा फिरवलं आणि त्यांची हालचालीतली प्रगती वाढली, असं त्यात होतं. अभ्यास खरा आहे, पण छोटा. त्यावरून वाचन सुधारतं, गणित सुधारतं, बोलणं येतं इथपर्यंत उडी मारणं मला मान्य नाही. ज्याचा तोलाचा दोष तपासणीत दिसला आहे, त्याच्यासाठी नजर स्थिर ठेवण्याचे आणि उभं राहण्याचे नेमके व्यायाम असतात आणि त्यांचा फायदा होतो. बाकीच्या मुलांना झाड, झोपाळा, लगोरी, फुगडी आणि पडायची मुभा द्या. त्याला फी लागत नाही.

श्रवण_मडगाव

वाळवंटी ताईंसाठी तपासण्यांची माहिती देतो. मुलाला मांडीवर बसवून, समोर खेळणं दाखवत डोकं झटकन थोडं वळवतात आणि कॅमेऱ्याने डोळे टिपतात. नजर खेळण्यावरून घसरली आणि मागाहून उडी मारून परत आली, तर त्या बाजूची नलिका कमी काम करते. पिशव्यांसाठी कानात मोठा आवाज देऊन मानेच्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात. काही ठिकाणी फिरती खुर्ची असते, आई मांडीवर घेऊन बसते. कानात गरम-गार पाणी किंवा हवा सोडून करतात ती तपासणी रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ओळखली जाते, याच विषयातल्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. लहान मुलांना ती सोसत नाही, तुमच्या मुलाला सध्या नको.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासून घ्या. कानाच्या बाहेरच्या पडद्यामागे पाणी साचलं आहे का? पावसाळ्यात सर्दी झाली की लहान मुलांत हे फार होतं, आणि पाणी असेपर्यंत ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडू शकतात. ते उपचाराने बरं होतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपण गोव्यात राहतो. घरामागे विहीर, पलीकडे व्हाळ म्हणजे ओहोळ, पुढे समुद्र. ज्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला आहे त्याला पाण्याखाली, डोळे मिटलेले असताना किंवा पाणी गढूळ असताना, वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. फरशी नाही म्हणून पाय सांगत नाहीत, दिसत नाही म्हणून डोळे सांगत नाहीत. पट्टीचं पोहणारं मूलही वर येण्याऐवजी खाली जाऊ शकतं. तोलाचा दोष निघाला तर मुलाला पोहायला शिकवा, पण एकटं कधीच सोडू नका, रात्री आणि गढूळ पाण्यात तर नाहीच. शाळेलाही लेखी कळवा. हे मी प्रत्येक पालकाला समोर बसवून दोनदा सांगतो.

तारवटी

चाळीस वर्षं पाण्यावर काढली, पण हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या वाड्यावर एक बहिरा मुलगा आहे, दिवसभर खाडीत डुंबत असतो. आजच त्याच्या बापाशी बोलतो.

श्रवण_मडगाव

नक्की बोला, तारवटीकाका. प्रत्येक कर्णबधिर मुलात हा दोष असतो असं नाही, म्हणून घाबरवू नका. तपासून घ्या एवढंच सांगा. मेंदूज्वर झाला होता का हे जरूर विचारा, आणि तान्हेपणी जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस चालली होती का, तेही. त्या औषधाने नलिकांच्या केशपेशी मरू शकतात, आणि माणसात त्या पुन्हा नीट उगवत नाहीत.

वाळवंटी

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. पांगुळगाडा मामंजींनी माळ्यावरून काढला आहे, चाकं बसवायची आहेत. दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासणीची चिठ्ठी मिळाली, मंगळवारची वेळ आहे. बेराच्या वेळी रात्री जागवून, तिथे झोपवून न्यायला सांगितलं होतं. या वेळीही तसंच करायचं का?

श्रवण_मडगाव

नाही, या वेळी उलट. झोप पुरी झालेली हवी आणि मूल जागं हवं. झोपेत मान सैल पडते, डोळेही हवे तसे चालत नाहीत, मग तपासणी वाया जाते. आधी तासभर पोटभर भरवू नका. यंत्राची बॅटरी बदलून न्या. त्याला सगळ्यांत आवडतं असं एक खेळणं न्या, आणि ते आदल्या दिवसापासून त्याच्या हाती लागू देऊ नका, म्हणजे तिथे ते बघताक्षणी नजर लावेल. मान कधी धरली, कधी बसला, अंधारात बावरतो का, हे कागदावर लिहून न्या. जुना बेरा रिपोर्ट विसरू नका.